कपाटावरची फणी

टेक्निशियन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे हातात पाना घेतलेला माणूस येतो. कल्याणजवळ मोहने गावातल्या रेयॉन कंपनीत मी चौतीस वर्षं काढली, सूत काढायच्या खात्यात. तिथे टेक्निशियन होते. यंत्र अडलं की यायचे, खोलायचे, परत बंद करून जायचे. त्यामुळे माझ्या नातीला शिकवायला घरी येणाऱ्या मुलीच्या गळ्यातल्या कार्डावर तोच शब्द आहे असं सुनेने वाचून दाखवलं तेव्हा मी बोललो, "आमच्या पोरीचं काय बिघडलंय म्हणून ही दुरुस्त करायला आलीय?"

"बाबा, तिच्यासमोर नको," सून बोलली.

मुलगी हसली. स्वभावाने चांगली होती. चार महिन्यांत सोडून गेली.

नात नऊ वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे. बोलते थोडं, ऐकते सगळं. कुकरची शिट्टी तिला चालते, मिक्सर चालत नाही. पोळी खायच्या आधी वास घेते. अंगाला कोणी अवचित हात लावलेला खपत नाही, डोक्याला तर अजिबात नाही. आणि केस मात्र कमरेपर्यंत, दाट, माझ्या बायकोसारखे. रोज सकाळी सगळे कामावर गेले की साडेनऊच्या सुमाराला बायको तिच्या दोन वेण्या घालायची. रडणं नाही, ओरडणं नाही. मी त्या वेळी नाक्यावर. रिटायर माणसांचा आमचा कट्टा आहे, तिथे पेपर वाचायचा आणि सगळ्यांना नावं ठेवायची. घरी आलो की भात शिजलेला असायचा आणि वेण्या झालेल्या असायच्या. कशा झाल्या, हे मी एकदाही विचारलं नाही.

एक मात्र बघितलेलं. दुपारी जेवायला बसलो की बायकोचा भांग वाकडा असायचा. मी बोलायचो, "काय गं, आरसा फुटला काय घरातला?" ती ताट वाढता वाढता बोलायची, "दुसऱ्याने घातलेला भांग आहे तो. तुम्ही गप जेवा." मला वाटायचं थट्टा करतेय. मीही थट्टाच करायचो. किती वर्षं हेच चाललेलं.

गेल्या दिवाळीनंतर ती गेली. ताप आला, आठ दिवस हॉस्पिटलात होती, आणि मग घरी आणली ती तशीच. दहाव्याला मुलाने आणि मी डोकं केलं. तेराव्यानंतर माझ्या बहिणीने तिची गादी, चपला आणि शिंगाची फणी गाठोड्यात बांधून काढून टाकली. गेलेल्या बाईची फणी घरात ठेवायची नसते, बोलली. मी मान हलवली. तेव्हा कोणी काहीही बोललं असतं तरी हलवली असती.

मुलाचे केस परत आले. मी मात्र दर पंधरा दिवसांनी न्हाव्याकडे जाऊन सफाचट करत राहिलो. रविवारी डोक्याला तेल घालणारी गेली, आता केस ठेवून काय करायचं?

नातीच्या केसांना त्या दिवसापासून कोणाला हात लावता आला नाही. सुनेने प्रयत्न केला, तिच्या मनगटाला चावली. मुलाने केला, टेबलाखाली जाऊन बसली. दोन महिन्यांत मागे गुंता झाला, मग गुंत्याच्या जटा झाल्या, आणि जटांखाली कातडी लाल. वास यायला लागला. डॉक्टर बोलले, सोडवा नाहीतर काढा.

काढायचे म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. त्याच्या आदल्या वर्षी तिची नखं कापताना चौघांनी धरलेली. मी पाय धरलेले. नखं कापली गेली, पण त्यानंतर किती दिवस ती बापाच्या हातचं खाईना आणि मी खोलीत आलो की पाय पोटाशी घ्यायची. आता तसंच धरून डोक्यावर मशीन फिरवायची म्हणजे परत काय होईल, याचा विचार आला की मला झोप लागायची नाही. सून वाईट नाही, ती थकलेली. तिने पार्लरवाल्या बाईला सांगून ठेवलं, पुढच्या महिन्याचा पहिला रविवार. तोवर काय जमतंय ते बघा.

बघायला टेक्निशियन होत्याच. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरी चालू होती. त्यांची पद्धत अशी की कामाचे तुकडे पाडायचे. पहिल्यांदा फणी नुसती बघायची, की बिस्किटाचा तुकडा. मग फणीला हात लावायचा, की तुकडा. मग केसाला फणी. नात दोन तुकडे खायची आणि तिसऱ्याच्या आधी निघून जायची. हुशार आहे.

आणि फाईल होती. फाईलमध्ये रकाने. त्यातला एक रकाना 'मारणे'. कारण बायको गेल्यापासून कट्टा सोडून मी घरीच बसायचो, आणि आमची बाय, म्हणजे नात, रोज साडेनऊला सरावासाठी आणलेली नवीन प्लास्टिकची फणी उचलून माझ्याकडे यायची आणि माझ्या टकलावर मारायची. रोज. मी ओरडायचो, डोकं धरायचो. टेक्निशियन रकान्यात खूण करायची आणि फणी काढून घेऊन कपाटावर ठेवायची. ज्याने मारते ती वस्तू हाती द्यायची नाही, असं तिला शिकवलेलं. मला पटायचंच. डोकं माझं होतं.

कल्याणच्या सेंटरमधून महिन्याला एकदा मोठ्या मॅडम यायच्या, फाईल तपासायला. त्या आल्या तेव्हा मी सरळ बोललो, "मॅडम, तुमच्या पोरी वाईट नाहीत. पण तुम्ही त्यांना कच्च्या पाठवता."

सुनेने कपाळाला हात लावला. मॅडम बोलल्या, "कशावरून?"

"काय शिकवता त्यांना?"

"कॉम्प्युटरवर व्हिडिओ असतात. दहा दिवस. मग परीक्षा. मग कामावर."

मी त्यांना आमच्या उस्तादाची गोष्ट सांगितली. मी कंपनीत लागलो तेव्हा उस्ताद बोलला, हात मागे बांध. आठ दिवस यंत्राला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. आणि रोज सुटी झाली की त्याला तीन गोष्टी सांगायच्या, त्याने न सांगितलेल्या. पहिल्या दिवशी मी सांगितलं, यंत्र आवाज करतं, गरम होतं, वास मारतं. उस्ताद बोलला, "हे गेटबाहेरच्या कुत्र्यालापण माहितीये." मी रडकुंडीला आलेलो. पण सातव्या का आठव्या दिवशी मी त्याला सांगितलं की सूत तुटतं ना, ते तुटायच्या आधी जरासं थरथरतं. दुसऱ्या दिवशी त्याने हात सोडायला सांगितलं.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं तक्रार लिहिली. पण त्या बोलल्या, "आजोबा, ठाण्यात कोलशेतला आमच्या नव्या मुलामुलींचं ट्रेनिंग आहे या सोमवारी. याल?"

"मी चौथी पास. मी काय शिकवणार?"

"शिकवू नका. मूल व्हा."

मला कळेना. मग कळलं. नवी पोरं एकमेकांवर सराव करतात, एक टेक्निशियन होतो, दुसरा मूल. पण ती सगळी मित्रमैत्रिणी, खिदळतात. त्यांना कोणीतरी अनोळखी, हट्टी माणूस पाहिजे होता. सून बोलली, "मग बरोबर माणूस निवडलाय."

मॅडमच्या गाडीतून गेलेलो. खाडीच्या बाजूला एक हॉल होता, खाली चटया, भिंतीला चित्रं. सहा मुली, दोन मुलगे. मला सांगितलं, तुम्ही तुमची नात आहात, ती करते ते करा. मी छोट्या खुर्चीवर बसलो. एका मुलीने फणी घेतली, माझ्या मागे उभी राहिली आणि चालू झाली, "गुड सिटिंग! व्हेरी गुड!" आणि पुढे येऊन बिस्किटाचा तुकडा दिला.

मी तुकडा खाल्ला आणि विचारलं, "हे कशाबद्दल?"

"तुम्ही छान बसलात ना, आजोबा."

"गुडघा दुखतोय म्हणून बसलोय. शाबासकी मिळाली, पण मी काय केलं ते मलाच कळलं नाही. माझ्या नातीला कसं कळणार? आणि आमच्या घरात शाबास बोलतात, गुड सिटिंग कोणी बोलत नाही."

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत, लिहीत राहिल्या. मग ती मुलगी परत मागे गेली आणि फणीचा हात पुढे आणला. तेव्हा एक गंमत झाली. मला माहीत होतं की हात येणार. ठरलेलं होतं. मी एकाहत्तर वर्षांचा. तरी माझी मान आपोआप खाली गेली, मार चुकवल्यासारखी.

"मागून येऊ नका," मी बोललो.

एक मुलगा बोलला, "मग काय पुढून विंचरायचं?" परत हसणं.

"ते मला माहीत नाही. माझ्या बायकोला माहीत होतं."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक टॉवर चढत होता. मागच्या चटईवर एक मुलगी होती, दिवा स्टेशनहून यायची, तोवर काहीच बोलली नव्हती. ती बोलली, "आजोबा, आजी केस कसे विंचरायच्या? तीन गोष्टी सांगा ना."

म्हणजे मॅडमनी माझ्या उस्तादाची गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवलेली. मी तोंड उघडलं. दोन वेण्या घालायची. लाल रिबिनी. आणि… आणि काय? मी तिथेच अडकलो. सूत थरथरतं ते मी आठ दिवसांत बघितलं, आणि कट्ट्यापासून चाळीस पावलांवर माझ्याच घरात रोज होत होतं ते कधी बघितलं नाही. "हे गेटबाहेरच्या कुत्र्यालापण माहितीये," मी बोललो, माझं मलाच.

"अजून काहीही. केसांबद्दल नसलं तरी चालेल."

"दुपारी तिचा भांग वाकडा असायचा."

"कोणाचा? नातीचा?"

"नाही. बायकोचा."

तिने ते लिहून घेतलं. मला ते बावळटपणाचं वाटलं.

मॅडमनी त्याच दिवशी ठरवलं की शिकणाऱ्या या पोरांना पहिले तीन दिवस एकेका लहान मुलाच्या घरी पाठवायचं, पण मुलाला हात लावायचा नाही, शिकवायचं नाही, फाईल नाही. नुसतं बघायचं आणि निघताना तीन गोष्टी घरच्यांना सांगायच्या. आमच्याकडे तिसरीच्या जागी दिव्याची मुलगी आली. बुधवारी. रविवारी पार्लरवाली येणार होती.

ती अर्धा तास उशिरा आली. "पाणी आलं नव्हतं, टँकरला उभी होते," बोलली, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली. हात खरोखर पाठीमागे. सुनेने त्या आठवड्याची रजा टाकलेली. ती स्वयंपाकघरातून मला बोलली, "तीन दिवस नुसती बसणार? तिच्या डोक्याची काय दशा आहे ते बघितलंय ना तुम्ही?"

"तू चहा दे तिला," मी बोललो. आतून मीही तेच बोलत होतो.

पहिल्या दिवशी तिने जाताना सांगितलं: पोळीचा वास घेते, पण भाकरीचा घेत नाही. मिक्सर लावायच्या आधी आईने डब्याचं झाकण उघडलं की तेव्हाच कान झाकते. आणि साडेनऊला घड्याळाकडे बघते, मग कपाटाच्या वर बघते. भाकरीचं मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोलली, "कपाटाकडे बघून झालं की ती फक्त तुमच्याकडे येते. आईकडे नाही, माझ्याकडे नाही. तुमच्या मागे येऊन उभी राहते. हातात काही नसतं, तरी उभी राहते." मी बोललो, मारायला येते. ती बोलली, "असेल."

शुक्रवारी ती आल्या आल्या बोलली, "आजोबा, आज फणी कपाटावरून खाली ठेवाल? मला बघायचंय."

"डोकं माझं आहे हो."

"एकदाच."

फणी टेबलावर ठेवली. साडेनऊ वाजले. बाय आली, फणी उचलली, माझ्या मागे गेली आणि टकलावर हाणली. मी ओरडलो, डोकं दोन्ही हातांनी धरून वाकलो. थोड्या वेळाने वर बघतो तर ती खिडकीशी गेलेली आणि दिव्याची मुलगी गुडघ्यांवर उठून बसलेली. हात मागेच.

"आजोबा, ती मारत नाही."

"मग हे काय, आरती करते?"

"मारणारा हात खाली आला की उचलला जातो. हिचा हात खाली आल्यावर पुढे सरकतो, मानेपर्यंत. मग उचलते." तिने मागचा एक हात सोडून हवेत करून दाखवलं आणि लगेच परत मागे नेला. "आणि ते झालं की ती पळत नाही. तुमच्याकडे पाठ करून खाली बसते. आत्तापण बसलेली. तुम्ही डोकं धरून होतात म्हणून दिसलं नाही. वाट बघते, आणि मग उठून जाते."

मी टकलावरून बोटं फिरवली. टेंगूळ एकही नव्हतं, कधीच नव्हतं. ओरखडे होते, सगळे उभे, कपाळाकडून मानेकडे.

दुसऱ्याने घातलेला भांग आहे तो. तुम्ही गप जेवा.

मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. दोनदा धुतलं. बाहेर आलो तेव्हा सून दारात उभी होती, तिनेही ऐकलेलं. तिला मी वाकड्या भांगाचं सांगितलं. बायको आधी स्वतःचे केस सोडून नातीसमोर बसत असणार. आधी नातीने विंचरायची पाळी, मग आजीची. इतके महिने बाय रोज तिची पाळी करत होती, तीही टकलावर, कारण आजीच्या जागी घरात रिकामा बसणारा मीच, आणि मग पाठ करून बसत होती. आणि आम्ही रकान्यात खुणा करत होतो.

मी तिथल्या तिथे नातीकडून फणी मागून घेतली आणि तिच्या केसांकडे नेली. तिने वळून माझ्या डोक्याकडे बघितलं, फणी परत घेतली आणि टेबलावर ठेवली. टकलावर भांग पडत नाही. तिच्या लेखी पहिली पाळी झालेलीच नव्हती.

दिव्याची मुलगी बोलली, "केस असलेलं माणूस पाहिजे. मी नवीन आहे, माझ्याकडे नाही यायची." आणि आम्ही दोघंही सुनेच्या अंबाड्याकडे बघायला लागलो.

"मी? मला तर ती चावते," सून बोलली.

शनिवारी बसली नाही. भीती वाटते, बोलली. तिचं चूक नव्हतं, मनगटावर अजून खूण आहे. रविवारी नऊ वाजता पार्लरवाली आली, पिशवीत मशीन. मशीन टेबलावर ठेवली आणि बोलली, "कोण कोण धरणार?" मुलाने बाह्या वर केल्या. मी सुनेला बोललो, "साडेनऊपर्यंत थांब. तुझी सासू रोज बसायची. तू एकदा बस. नाही जमलं तर पाय मी धरीन."

मग तिने अंबाडा सोडला आणि जमिनीवर, मी बसतो त्या जागी जाऊन बसली. फणी टेबलावर. पार्लरवाली काही विचारणार होती, मुलाने तिला हाताने थांबवलं.

बायने घड्याळ बघितलं. फणी घेतली. माझ्याकडे एक पाऊल आली, थांबली, आणि आईच्या मागे गेली. सुनेने डोळे घट्ट मिटले. फणी केसात अडकली, ओढली, सुनेच्या डोळ्यांतून पाणी आलं पण ती हलली नाही. बाय बराच वेळ करत होती. मधोमध नाही, डाव्या कानाच्या वर कुठेतरी तिने भांग पाडला. मग फणी आईच्या मांडीवर टाकली, समोर आली आणि पाठ करून बसली.

सुनेने खालून, टोकाकडून एक बट घेतली. एक गाठ सुटली. दुसरी सुटताना बाय "अं" बोलली. सून लगेच थांबली. बाय बसून राहिली. तिसरी गाठ अर्धी सुटली तेव्हा ती उठून गेली.

"एवढंच?" पार्लरवाली बोलली.

"एवढंच," सून बोलली. "तुम्ही जा आता. तुम्हाला उगाच खेप पडली." आणि भांग तसाच ठेवून ती चहा टाकायला गेली.

सगळ्या जटा सुटल्या नाहीत. तीन कात्रीने काढाव्या लागल्या, त्याही एकेका दिवशी एकेक, आईची पाळी झाल्यावर. मागे केस आखूड-लांब दिसतात. कोणी धरलं नाही.

पुढच्या महिन्यात मॅडम आल्या तेव्हा मी फाईल मागितली. 'मारणे'च्या रकान्यातल्या खुणा मला खोडायच्या होत्या. मॅडम बोलल्या, "खोडता येत नाही आजोबा, रेकॉर्ड आहे. खाली शेरा लिहिता येतो."

"मग पेन द्या."

माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. एवढ्या लोकांसमोर मी कधी लिहिलं नव्हतं. लिहिलं, 'मारत नव्हती. विंचरत होती. आम्ही बघितलं नाही.' खाली सही केली. मॅडम बोलल्या, नव्या मुलांना पहिल्या दिवशी व्हिडिओच्या आधी हे पान दाखवलं तर चालेल का? मी बोललो, दाखवा, पण अक्षराला हसले तर मला सांगा.

दिव्याची मुलगी अजून येते. आता तिचे हात सुटलेत. सुनेने साहेबाला सांगून कामावर जायची वेळ पुढे ढकलून घेतलीय. न्हावी परवा रस्त्यात भेटला. "काय काका, दुसरा धरलात काय?"

"केस वाढवतोय," मी बोललो.

"या वयात?"

अजून अर्ध्या बोटाएवढेच झालेत, पांढरे, उभे राहतात. रोज साडेनऊला बाय आधी माझ्या मागे येऊन उभी राहते. हाताने चाचपून बघते. मग आईकडे जाते.